ओलमणी फाट्यापासून पुढं

फाट्यावर उतरलो तेव्हा उजाडत होतं.
म्हात्रूनं विडी विझवली, उरलेली कानामागं खोचली
आणि विचारलं, "वही आणलास न्हवं?"

आणली होती. रकाने पाडून :
मराठी, कन्नड, तारीख, कुठं दिसलं.
सव्वीस वर्षं भूमापनाच्या रेकॉर्ड खोलीत काढली,
मला रिकामा कागद बघवत नाही.

होळी होऊन बारा दिवस झाले होते.
पळस सरत आलेला. वाटेवर पाकळ्या
संकेश्वरी मिरचीसारख्या वाळून वळलेल्या.
लिहिलं : पळस. मुत्तुग.
म्हात्रू म्हणाला, "पानाचं पण लिही की गा.
माझ्या लग्नाच्या पत्रावळी ह्येच्याच."
त्याला रकाना नव्हता. समासात लिहिलं.

पुढं जांभ्याचा चढ,
करवंदीच्या जाळीत पांढरी फुलं आणि हिरवी फळं एकाच फांदीवर,
कुठल्याशा आडोशाला कुसर फुललेली,
वास येतो, वेल सापडत नाही.

मग अंजनी.
फूल फांदीच्या शेंड्याला येतं असं मी धरून चाललेलो.
हिला ते कुणी सांगितलेलं नाही.
जुन्या लाकडालाच, सापडेल त्या जागी, निळं;
मुका मार बसल्यावर दुसऱ्या दिवशी उमटतं
तसलं निळं.
मधमाश्या एवढ्या, की झाड आधी ऐकू आलं,
दिसलं नंतर.

ओढ्याला पाणी म्हणावं असं काही नव्हतं.
गव्याच्या एका खुरात तेवढी ओल,
तिच्यात सात फुलपाखरं सोंडा रोवून.
माझी सावली त्यांच्यावर पडली.
सहा उठली.
एक उठलं नाही.

म्हात्रूनं माझा दंड धरला.
वर किंजळाच्या बेचक्यात काळपट गोळा,
शेणाच्या थरांवर थर द्यावेत तसा : मुंगळ्यांचं घर.
त्याला भोक. भोकातून एक तांबूस डोकं,
पिसं चिकटलेली, मळकी,
कुणाच्या तरी कामाचे कपडे घातल्यासारखी.
"सुतार हाय. अंडी हितंच घालतंय.
दिवसभर मुंगळे खातंय
आणि रातीला त्येंच्यातच निजतंय."
"आणि मुंगळे?"
"त्येला न्हाईत चावत."
"का?"
"मला काय ठाव गा. मी विचारलो न्हाई."

पक्षी उडाला, परत आला.
भोकाच्या कडेनं मुंगळे येत होते, जात होते.
मी वही उघडली आणि
काय लिहायचं ते न सुचून मिटली.

ऊन चढलं तेव्हा उघड्या कातळावर होतो.
भेगेत चिमूटभर माती, तिच्यात एक फूल,
ज्वारीच्या दाण्याएवढं, जांभळ्या शिरा असलेलं.
मला माहीत नाही. म्हात्रूलाही नाही,
आणि त्याला त्याचा जरा रागच आला;
गुडघ्यावर बसून तो त्याच्याकडे बघत राहिला,
ओळखीच्या माणसानं हाक न द्यावी तसा.

काजूची बुट्टी डोक्यावर घेऊन निंगव्वा वरून उतरली.
तिला विचारलं, हे काय, तुमच्यात काय म्हणतात?
ती वाकली नाही. बुट्टी होती.
"हूवा री," म्हणाली. फूल हो.
मग हसली. "हेसर याक बेक?"
नाव कशाला पाहिजे?
आणि माझ्या टकलाकडे बघून,
"बिसिलु बंतु, नडीरी."

ऊन आलं. निघालो.
उतरताना म्हात्रू दोनदा मागं वळला.

परतीच्या बसमध्ये वही उघडली
तर पानावर एक मुंगळा,
रकान्याच्या रेघेवरून बिनधास्त चाललेला.
बोट पुढं केलं, तर कडकडून चावला.
मोदगेकर बाई शेजारी होत्या, म्हणाल्या, "चिरडा की."
मी वही खिडकीबाहेर झटकली.
जांबोटी मागं पडलं होतं.
बोट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं,
आणि त्या फुलापुढं
अजून नुसती तारीख आहे.